न सांडणारं कव्हर आणि न धरणारं सिलिकॉन

सिलिकॉनच्या डब्यावर लिहिलं होतं : सहा तासांत घट्ट. चौथ्या दिवशी साचा उघडला, तर आतली बाजू अजून बोटाला चिकटून येत होती. काचेच्या गुडगुडीसाठी न सांडणारं कव्हर घरी करायचं म्हटलं, तर बाकीचं सगळं दोन संध्याकाळींचं काम आहे. माझा वेळ खाल्ला तो या चिकटपणाने, म्हणून पुढचं बरंचसं त्याच्याबद्दलच आहे.

आधी कव्हर म्हणजे काय ते. मी म्हणतोय ती गुडगुडी एकाच तुकड्यात फुंकलेली असते : खाली पाण्याचा फुगा, वर नळकांडं, बाजूला चिलीम बसवायचं तिरकं तोंड. कव्हरचे चार भाग. फुग्याखाली बसणारा सिलिकॉनचा बूट, वरच्या तोंडाचं झाकण, बाजूच्या तोंडाचं बूच, आणि या सगळ्यावरून येणारी निओप्रीनची, म्हणजे फोमसारख्या रबरी कापडाची बाही. बाही धक्का खाते, पाणी अडवतात ती झाकण आणि बूच. बहुतेक जण जाड फोमवर खर्च करतात आणि तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी रबर बँडने बांधतात. मग काच शाबूत राहते आणि बॅगेतलं सगळं सामान भिजतं. त्या पाण्याचा वास सहज जात नाही.

हे कव्हर ने-आण करण्यासाठी आहे. निखारा पेटलेला असताना बाही वर ओढायची नाही. सिलिकॉन दोनशे अंशांच्या आसपास तग धरतं, निओप्रीन त्याच्या बरंच आधी खराब होतं आणि जळलं तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो. वापरताना फक्त बूट ठेवायचा.

मापं व्हर्नियरने घ्या, पण एकदाच घेऊ नका. हाताने फुंकलेली काच गोल दिसते, गोल नसते. तोंडाचा व्यास चार दिशांनी मोजला की अर्धा-एक मिलिमीटर फरक सापडतोच. सोपा उपाय म्हणजे कागदाची पट्टी गुंडाळून परीघ घ्यायचा आणि ३.१४ ने भागायचं. झाकणाचा आतला व्यास त्यापेक्षा ५ ते ७ टक्के कमी ठेवायचा, म्हणजे ते ताणून बसतं. बाजूच्या तोंडाला आतून घासलेला सांधा असतो. बाजारात त्याला १४ किंवा १८ म्हणतात, प्रत्यक्षात रुंद टोकाला १४.५ किंवा १८.८ मिलिमीटर भरतो. उतार एकास दहा, म्हणजे दहा मिलिमीटर आत गेलं की व्यास एक मिलिमीटरने कमी. घासलेली काच खरखरीत असते, त्यामुळे कडक बूच लावलं तर त्या खरखरीतून पाणी झिरपतं. शोर ए मापाने ३० कडकपणाचं, म्हणजे मऊसर सिलिकॉन तिथे नीट दबतं. बूच गुळगुळीत न करता त्यावर तीन कडी ठेवली तर आणखी चांगलं, आणि ओढायला वर एक कान ठेवाच. बूच सरळ खेचायचं नाही, पिळत काढायचं. ही काच तुटते ती बहुतेक वेळा या सांध्याच्या मुळाशीच.

आता सिलिकॉन.

दोन भागांचं, समप्रमाणात मिसळायचं, प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन घेतलं. दुसरा प्रकार कथिलावर घट्ट होतो. तो स्वस्त असतो आणि कमी नखरे करतो, पण काही महिन्यांत आक्रसतो, आणि जिथे ओठ लागतात तिथे कथिलाची संयुगं नकोत. तिसरा पर्याय म्हणून लोक खिडक्यांना लावायची ट्यूब सुचवतात, तिला व्हिनेगरसारखा वास येतो. ती हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत घट्ट होत जाते, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. बारा मिलिमीटर जाडीचं बूच बाहेरून रबर आणि आतून मलम राहतं, तेही कित्येक दिवस. तेव्हा प्लॅटिनमच.

पहिल्या ओतकामात मी तीन चुका एकदम केल्या, आणि म्हणूनच कोणती चूक नडली ते कळायला इतका वेळ लागला. झाकणाचा गाभा, म्हणजे साच्यात आतली पोकळी राखणारा तुकडा, प्रकाशाने कडक होणाऱ्या रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापलेला होता. साच्याच्या फटी मूर्तिकामाच्या मातीने बुजवल्या होत्या. हातात लॅटेक्सचे हातमोजे होते. सहा तासांनी साचा उघडला : वरचा उघडा भाग छान रबरी, गाभ्याला टेकलेला भाग मधासारखा.

इथे ज्याला विचारावं तो एकच सांगतो, थांबा. हवा थंड असेल, अजून एक दिवस द्या, गरम करून बघा. थंडीचं कारण खोटं नाही. अठरा अंशांखाली हे सिलिकॉन फार रेंगाळतं आणि उष्णतेने झपाट्याने धरतं. पण थंडीने रेंगाळलेलं सिलिकॉन सगळीकडे सारखंच मऊ असतं. ते फक्त टेकलेल्या बाजूला चिकट असेल, तर प्रश्न वेळेचा नाहीच. मी दोन दिवस थांबलो, तिसऱ्या दिवशी ८० अंशांवर दोन तास ठेवलं, चौथ्या दिवशी पुन्हा उघडलं. काडीचा फरक नाही.

कारण असं. या सिलिकॉनमध्ये प्लॅटिनम दहा लाखांत काही भाग इतकाच असतो आणि सगळं जोडकाम तोच करतो. गंधक, नायट्रोजनयुक्त अमाईन किंवा कथिल यांची संयुगं त्याला भेटली की ती प्लॅटिनमला धरून बसतात आणि काम तिथेच थांबतं. मूर्तिकामाच्या कित्येक मातींत गंधक असतो. लॅटेक्समध्येही असतो, रबर पक्कं करायला तो घालतातच. रेझिनच्या छपाईत न जुळलेले रेणू आणि प्रकाशाने काम सुरू करणारी रसायनं उरतात. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये अमाईन असतं. काही चिकटपट्ट्यांचा गोंदही नडतो. एकदा प्लॅटिनम अडकला की महिनाभर ठेवलं तरी ते चिकटच राहणार.

चिकटपणा कुठे आहे त्यावरून रोग ओळखता येतो, आणि हे कुठल्याही डब्यावर लिहिलेलं नसतं याचा मला अजून राग आहे. सगळीकडे मऊ : प्रमाण चुकलं किंवा खोली थंड. मध्येच रेघा किंवा ठिपके ओले : ढवळणं कमी पडलं, भांड्याच्या कडेचं आणि तळाचं खरवडून घेतलं नाही. फक्त साच्याला टेकलेली कातडी ओली : साच्यातलं काहीतरी नडतंय. ढवळण्यासाठी एकच सवय लावून घ्या. तीन मिनिटं ढवळा, मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा एक मिनिट ढवळा. पहिल्या कपाच्या कडेला राहिलेलं न मिसळलेलं सिलिकॉन तिथेच राहतं.

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. तीस ग्रॅम सिलिकॉन कालवलं आणि ज्या-ज्या वस्तूवर संशय होता तिच्यावर नाण्याएवढा ठिपका ठेवला. एक ठिपका कोऱ्या प्लॅस्टिकच्या कपात, तुलनेसाठी. सहा तासांनी कपातला ठिपका घट्ट, स्टीलच्या चमच्यावरचा घट्ट, साध्या, प्लॅस्टिकच्या तारेच्या छपाईच्या म्हणजे पीएलएच्या तुकड्यावरचा घट्ट. मातीवरचा पातळच. हातमोज्यावरचा चिकट. रेझिनवरचा चिकट. रेझिन अल्कोहोलमध्ये धुऊन, जास्तीचा प्रकाश देऊन, वर अ‍ॅक्रिलिक लॅकरचे दोन हात मारून पाहिले, तर ठिपका तीन चतुर्थांश घट्ट आणि एका कडेला ओला. लॅकरने काम होतं असं सांगणारे खोटं बोलत नाहीत, पण जिथे थर पातळ राहिला तिथे गळणार, आणि झाकणाची कड ही नेमकी तीच जागा.

मग मी हुशारी केली. रेझिनच्या गाभ्यावरून कथिलाच्या सिलिकॉनचा साचा घेतला, कारण त्याला रेझिन चालतं, आणि त्या साच्यात प्लॅटिनमचं सिलिकॉन ओतलं. कथिल नडतं हे माहीत असून. साचा वरून कोरडा आणि घट्ट दिसला म्हणून वाटलं आता काय होणार. तेच झालं.

तिसऱ्यांदा गाभा आणि साचा दोन्ही पीएलएमध्ये छापले, ०.१२ मिलिमीटरच्या थराने. फटी मातीऐवजी गरम गोंदाच्या बंदुकीने बाहेरून बुजवल्या, हातात नायट्राइलचे हातमोजे. सव्वापाच तासांत झाकण अंगठ्याने दाबून बाहेर पडलं, नखाचा ठसा उमटेना. ते झाकण मी उगाचच अर्धा तास हातात घेऊन बसलो होतो.

चिकट राहिलेला साचा पुन्हा वापरायचा असेल तर चिकट थर खरवडून अल्कोहोलने पुसा, पण नडणारी वस्तू जर साचाच असेल तर पुसून काही उपयोग नाही. आणि थेट काचेवर सिलिकॉन ओतून माप घ्यायचा मोह होईल. करू नका. हे सिलिकॉन बाकी सहसा कशाला धरत नाही, पण काचेला धरतं. ओतायचंच असेल तर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात आधी लावा, सगळीकडे, सांध्याच्या मुळाशीसुद्धा.

किती सिलिकॉन लागेल ते काढायला साच्यात पाणी भरायचं, ते मोजायचं आणि मिलिलिटरला १.१ ने गुणायचं, उत्तर ग्रॅममध्ये. मग साचा पूर्ण कोरडा करायचा. माझ्या बुटाला सुमारे ३५० ग्रॅम लागलं, झाकण आणि बूच मिळून साठेक. बुडबुड्यांसाठी निर्वात पंप असेल तर उत्तम, भांडं मात्र मिश्रणाच्या चौपट-पाचपट मोठं घ्या, कारण ते फुगतं. पंप नसेल तर उंचावरून बारीक धारेने साच्याच्या एकाच कोपऱ्यात ओता. घट्ट झाल्यावर ८० अंशांवर दोन तास आणि १०० वर एक तास ठेवलं की उरलासुरला वासही जातो. हे साच्यातून काढल्यावरच, पीएलए साठ अंशांना मऊ पडतं.

बूट का हवा, तर गुडगुडी मुळात आडवी होऊ नये म्हणून. तळ १२ सेंटिमीटर रुंद आणि गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर ती साधारण २२ अंश कललं की पडते. बुटाची कड पसरवून १८ सेंटिमीटर केली तर ३१ अंशांपर्यंत टिकते.

झाकणाची एक गोष्ट राहिली, आणि ती चिकटपणाएवढीच महत्त्वाची आहे. पूर्ण हवाबंद झाकण उन्हात उभ्या बंद गाडीत उडतं. पंचवीस अंशांना बंद केलेली ओली गुडगुडी साठ अंशांपर्यंत तापली, तर हवा प्रसरण पावते आणि पाण्याची वाफ भर घालते. दोन्ही मिळून आतला दाब सुमारे २८ किलोपास्कलने वाढतो. तोंड ४५ मिलिमीटरचं असेल तर झाकणावर साडेचार किलोचा जोर. ताणून बसवलेलं रबर तेवढं धरत नाही. उपाय सॉसच्या बाटलीत तयार आहे : तिच्या झाकणात आतल्या बाजूला फुगलेला पातळ पडदा आणि त्यात चीर असते. थोडा दाब आला तर चीर आणखी मिटते, जास्त आला की पडदा बाहेर उलटतो आणि सुटका करतो. मी झाकणाच्या मधोमध दीड मिलिमीटर जाडीचा असा पडदा ठेवला आणि नव्या पात्याने चार मिलिमीटरची चीर दिली. तीस सेंटिमीटर उंचीचं पाणी उलटं धरलं तर त्याचा दाब तीन किलोपास्कल होतो. तेवढा त्याने अडवला पाहिजे. चीर लहानच द्या, वाढवता येते.

बाहीचं काम निवांत आहे. गुडगुडीला पातळ प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळा, वर कागदी पट्टी चिकटवा, शिवणीच्या रेषा पेनाने आखा आणि कापून सपाट करा : हाच नमुना. त्यापेक्षा निओप्रीन ४ टक्के कमी कापा. पाच मिलिमीटर जाडी पुरते, सांध्याच्या मुळाशी दुहेरी. कडा एकमेकींना टेकवून चिकटवायच्या, निओप्रीन चिकटवायच्या सोल्युशनचे दोन हात, प्रत्येक हात बोटाला लागेनासा होईपर्यंत सुकू द्यायचा. मग वाकड्या सुईने टाके घाला, पण सुई आरपार काढू नका, अर्ध्या जाडीतून फिरवा. शिलाई मशीन मारलं तर प्रत्येक टाक्याला एक भोक, आणि झाकण सुटलं तर पाणी तिथूनच येतं.

तपासताना पाण्यात निळी शाई घाला. झाकणं लावा, टिश्यू कागदावर दहा मिनिटं उलटी धरा, मग तासभर आडवी ठेवा. निळा ठिपका कुठे आला त्यावरून गळती कुठली ते कळतं. माझ्या बुचाच्या पहिल्या कड्यावर बुडबुड्याची खळी होती, तिथूनच आला. सिलिकॉनला साधा गोंद धरत नाही, म्हणून त्याच सिलिकॉनचा थेंब खळीत भरला आणि वर फिल्म दाबून ठेवली.

एवढं सगळं करूनही लांबच्या प्रवासाला पाणी ओतूनच द्या. झाकून ठेवलेलं शिळं पाणी दोन-तीन दिवसांत बुळबुळीत होतं, आणि सिलिकॉन वास शोषून घेतं. झाकणाला वास लागला तर १०० अंशांवर तासभर ठेवून पाहा. आणि उरलेल्या सिलिकॉनच्या डब्यांची झाकणं अदलाबदल करू नका, एका भागाचा थेंब दुसऱ्यात गेला की झाकण डब्याला कायमचं बसतं. माझा एक डबा तसाच पडून आहे.