मरळीचा फोटो आणि हिरवी जाळी

मी जातीनं ढिवर. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या मामा तलावात, म्हणजे माजी मालगुजारी तलावात, पोहायला शिकलो. सिलिंडर लावून उतरायला लागलो त्याला नऊ वर्षं झाली. कशासाठी उतरतो ते इकडच्या लोकांना सांगावं लागत नाही. कुणी बुडालं की मला फोन येतो. पाळीवर खुंटा ठोकायचा, दोर बांधायचा आणि अर्धगोलात तळ चाचपत जायचं. मी डोळे मिटूनच शोधतो. उघडे ठेवले की मन गाळातच अडकतं, हाताला काही कळत नाही. फोन करणाऱ्या साहेबांना प्रेत दोन तासांत हवं असतं, आमचं मानधन मात्र दोन वर्षं लटकलं तरी त्यांना चालतं.

म्हणून नागपूरच्या एका क्लबनं आमच्या तलावात पाण्याखालच्या फोटोंची स्पर्धा ठरवली आणि सुरक्षेसाठी मला बोलावलं, तेव्हा मी एका शब्दात हो म्हटलं. जिवंत काही पाहायला मला पाण्यात कुणी पहिल्यांदाच बोलावत होतं.

नवरात्र नुकतंच संपलं होतं. पाणी निवळलेलं होतं. पाणगवत दाट असलं की ते गाळ धरून ठेवतं, त्यामुळे कमळाच्या बाजूला चार-पाच फुटांपर्यंत दिसत होतं. स्पर्धक अकरा. सकाळी प्रत्येकाचं मेमरी कार्ड परीक्षकांसमोर कोरं केलं आणि पहिला फोटो शाळेच्या भिंतीवरच्या घड्याळाचा काढून घेतला. वेळ एक तास. फोटो कॅमेऱ्यातून निघेल तसाच द्यायचा, कंप्युटरवर हात लावायचा नाही.

बहुतेकांची सवय मालवणच्या समुद्राची. खाऱ्या पाण्यात माणूस जास्त तरंगतो, म्हणून कमरेला शिसं जास्त लागतं. गोड्या पाण्यात दोन-अडीच किलो उतरवावं लागतं. मी पाळीवर उभं राहून प्रत्येकाला हे सांगितलं. तिघांनी ऐकलं नाही, ते सरळ तळाला टेकले आणि चिखलाचा असा ढग उठवला की त्या कोपऱ्यात पुढचा तासभर कुणालाच काही दिसलं नाही. फोटोचं सगळं गणित या गाळावर आहे. फ्लॅश कॅमेऱ्याला चिकटून ठेवला तर मधला कण न कण उजळतो आणि फोटोत भुसा उडाल्यासारखं दिसतं. म्हणून दोन्ही फ्लॅश लांब दांड्यांवर बाजूला न्यायचे आणि माशाच्या हातभर जवळ जायचं. पाय जपून मारायचे, वरखाली होणं श्वासावर सांभाळायचं.

हे सगळं अचूक जमत होतं एका मुलीला. कॉलेजात शिकणारी असेल. आदल्या रात्री तिनं मला मोबाईलवर एक फोटो दाखवला होता: कमळाच्या पानांखालून वर जाणारी बेडकांची पिल्लं. कॅनडातल्या एका तळ्यात शेन ग्रॉस नावाच्या माणसानं नुसता स्नॉर्केल लावून काढलेला. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत 2024 साली तो पहिला आला. "काका, असंच पाणी तुमच्याकडे आहे," ती म्हणाली. मला तिचं फार कौतुक वाटलं होतं.

कमळाच्या देठांत मरळीची पिल्लं होती. लालसर-केशरी, हजारोंनी, घमेल्याएवढा गोळा करून. तो गोळा सारखा वर येतो, हवा घेतो, खाली जातो. मरळ त्याच्याखाली राखण करत असते, जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडते. मुलगी दहा मिनिटं जागची हलली नाही. गोळा काही देठांतून बाहेर येईना. तेव्हा तिच्या जोडीदारानं जाकिटाच्या खिशातून हिरवी जाळी काढली, मासे पाळणारे वापरतात तसली, आणि पिल्लं उजेडाकडे हाकलली. मरळ धावून आली. कॅमेऱ्यापुढच्या काचेच्या घुमटावर तिचं तोंड आपटलं. त्याच क्षणी फ्लॅश पडला. दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यानं तिला पायातल्या फिननं लोटलं. मी हात करून थांबवलं तोवर गोळा फुटला होता.

दुपारी शाळेच्या खोलीत तो फोटो पडद्यावर आला आणि सगळे गप्प झाले. उघडा जबडा, दातांची रांग, मागं केशरी ठिणग्या. जाळी कुठंच नव्हती. माझ्या तलावात हे असं आहे, हे मी चाळिसाव्या वर्षी पाहत होतो. परीक्षकांनी रीतीप्रमाणे विचारलं, पाण्यात काही आक्षेपार्ह दिसलं का? मी जाळीचं सांगितलं. फोटो बाद झाला.

बाहेर चपला घालताना ती मला म्हणाली, "काका, तुम्ही तर पिल्लांवरची मरळ गळाला लावून खाता."

खोटं नाही. लहानपणी वडिलांनी मला तेच शिकवलं. पिल्लांचा गोळा दिसला की गळाला बेडकी लावून त्याच्या मधोमध नाचवायची. मरळ भूक नसतानाही झडप घालते. राखणारी गेली की बाकीचे मासे पिल्लांना दोन दिवसांत संपवतात, हेही आम्हाला ठाऊक असतं. मला तिला सांगायचं होतं की आम्ही पोटासाठी करतो. पण तोंडातून शब्द निघाला नाही, कारण माझ्या घरी आता मरळीवाचून चूल अडत नाही.

स्पर्धेच्या नियमात प्राण्याला हात लावायचा नाही असं लिहिलं होतं. आमच्या मच्छीमार संस्थेच्या नियमात मरळीबद्दल ओळही नाही. येत्या बैठकीत मी विषय मांडणार आहे. चार जणांशी बोललो, दोघं उठून गेले.

चार दिवसांनी तिनं तो फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. सोबत एक अक्षर नाही. वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बोटानं मोठा केला, बराच वेळ पाहिला.

"पिल्लं किती उरली, पाह्यलं का तू?"

पाहिलं होतं. दोन दिवस पहाटे डोंगा घेऊन त्याच कमळांत गेलो होतो. पहिल्या दिवशी गोळा दोन ठिकाणी होता. दुसऱ्या दिवशी एकच, ओंजळीत मावेल एवढा. मरळ खाली होती.