पान उलटू का?

साताऱ्याहून सुट्टीला आलेला माझा भाचा आणि पुण्यात बसलेला त्याचा एक मित्र परवा दुपारी मिळून ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम ऑनलाइन खेळत होते, आणि मी भडंगाची वाटी घेऊन शेजारी बसलो होतो. पडद्यावरची एक बाई आपली जन्माची व्यथा सांगू लागली. तिचे पहिले वाक्यही पुरे झाले नव्हते, तोच हेडफोनमधून मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने पुण्याचा आवाज आला, “स्किप कर रे, पुढं चल.” भाच्याने बटण दाबले आणि व्यथा तिथेच राहिली.

मला भडंग गोड लागेना. मी स्वतः हे गोष्टीवाले खेळ रात्री, घर झोपल्यावर, एकट्याने खेळतो. कपाटात सापडलेली चिठ्ठीदेखील वाचल्याशिवाय पुढे जात नाही, आणि ‘द विचर ३’ संपवायला मला सव्वा वर्ष लागले होते. त्यामुळे अशा खेळात दुसरा माणूस आला की माझ्या कपाळाला आठी पडते. याचे मूळ बहुधा गावभागातल्या आमच्या जुन्या घरातल्या सतरंजीवर आहे. आत्या मे महिन्यात माहेरपणाला यायची, तेव्हा आतेबहीण आणि मी पालथे पडून एकच पुस्तक वाचायचो. तिचा वेग माझ्या दुप्पट होता. पानाच्या कोपऱ्याखाली बोट सरकवून ती थांबायची आणि विचारायची, “उलटू?” आपण मागे आहोत हे कबूल करण्याची लाज वाटून मी दरवेळी “हो” म्हणायचो. काही गोष्टींतले राजपुत्र शेवटी कशाने वाचले, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

गोष्ट चारचौघांत होऊच नये असे मात्र मी सांगलीत राहून म्हणू शकत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हा पदे सूत्रधार गायचा आणि पात्रे आपापली गद्य भाषणे आयत्या वेळी जुळवून बोलायची. या खेळांचे मूळही तसेच आहे. १९७४ सालचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ टेबलाभोवती बसून खेळायचा आणि गोष्ट पुढे नेणारा एक जण त्या टेबलावर हजर असायचा. कोण रेंगाळले आहे, कोण कंटाळले आहे, हे त्याला तोंडे पाहून कळायचे. आजी आम्हा आठ पोरांना गोष्ट सांगायची तेव्हाही गती एकच असायची, ती तिची. संगणकाच्या खेळात हा सूत्रधार नसतो, आणि ज्याच्या हातात बटण त्याचीच गती बाकीच्यांच्या माथी येते.

कंपन्यांनी सोबत्यांची सोय केली तीही बरेचदा गोष्टीच्या जिवावर. २०१२ च्या ‘मास इफेक्ट ३’मध्ये शेवटच्या लढाईची तयारी काही अंशी बाहेरच्या सामूहिक सामन्यांवर ठेवली होती, म्हणजे एकट्याने गोष्ट ऐकू पाहणाऱ्याला अनोळखी लोकांत जाऊन गोळ्या झाडून येण्याची भर. २०२१ मध्ये तिन्ही भाग एकत्र निघाले तेव्हा ते सामने वगळलेले होते. ‘फॉलआउट ७६’ तर २०१८ मध्ये आला तोच बोलायला माणसे नसलेला. खेळणारेच एकमेकांची माणसे होतील अशी कल्पना होती, पण झाले असे की गावात घरे होती, पाहुणे होते, यजमान कोणी नव्हता. २०२० च्या एप्रिलमध्ये शेवटी गोष्टीतली माणसे आणावी लागली.

एका खेळाला मात्र मी मनापासून दाद देतो. ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन’मध्ये दोन नायकांचे एखाद्या प्रसंगी काय करावे यावर पटले नाही, तर दगड-कागद-कात्रीसारख्या खेळाने निकाल लागतो. म्हणजे दुसऱ्या माणसाचा अडथळा तिथे गोष्टीचाच भाग झाला आहे, सतरंजीवरचे भांडण पुस्तकात छापल्यासारखा. तेवढे जमत असेल तर दुसरा माणूस घ्यावा, नाहीतर तो लढायांपुरता ठीक आहे.

हे सगळे भाच्याला ऐकवायचे मी ठरवले होते. पण संध्याकाळी पुण्याचा मित्र खेळातून निघून गेला, भाच्याने दुसरा कंट्रोलर माझ्या हाती दिला, पडद्याचे दोन भाग केले आणि आम्ही बसलो. तासाभराने तीच व्यथावाली बाई पुन्हा बोलू लागली. बटण त्याच्याकडे होते. या वेळी त्याने ते लगेच दाबले नाही, अंगठा वर धरून थांबला आणि अगदी आपल्या आईच्या स्वरात म्हणाला, “मामा, झालं वाचून?”

माझ्या दोन ओळी राहिल्या होत्या. मी “हो” म्हणालो.