किरकोळ

आंघोळीचा टॉवेल ३० बाय ६० इंचांचा. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी बावीस वर्षं हिशेब लिहितोय, त्यामुळे हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी चुकायचा नाही. लग्नाच्या वेळी माझी कंबर ३४ होती. म्हणजे टॉवेल गुंडाळून २६ इंच शिल्लक. एवढ्या शिल्लकीत माणूस राजासारखा वावरतो. खोचायचं, वर एक पीळ द्यायचा आणि खुशाल दार उघडून दूधवाल्याशी बोलायचं. यंदा दिवाळीनंतर एका सकाळी दूधवाल्याशी बोलता बोलताच टॉवेल सुटला. एका हाताने तो आणि दुसऱ्या हाताने दूध सांभाळत आत आलो, कारखान्याची टेप काढली. ४१. साठातून एक्केचाळीस गेले, उरले १९. आणि तेही पोटाच्या उतारावर, जिथे खोच टिकत नाही.

सव्वीसची शिल्लक एकोणीसवर आली तर आमचे मालक मला खुर्चीत बसू देणार नाहीत. सात गेले कुठे, हे आधी दाखवा म्हणतील. तसा मी शोधायला बसलो.

डॉक्टरांनी वजन केलं, उंची मोजली. ८४ किलो, ५ फूट ६ इंच. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तीसला टेकलेला. आपल्याकडच्या माणसांसाठी जास्त वजनाची रेघ जरा खालीच ओढलेली आहे म्हणाले, २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. ४१ इंच म्हणजे १०४. मग त्यांनी विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?"

"सकाळी चहा. दुपारी डब्यात दोन भाकरी, भाजी. रात्री एक भाकरी, थोडा भात."

"आणि मधे?"

"मधे काही नाही."

शेजारी बसलेली बायको खोकली. तिला खोकला झालेला नव्हता.

पण खरं सांगतो, मी खोटं बोललो नव्हतो. आपल्या भाषेत जेवण तेवढं जेवण, बाकीच्याला वेगळी नावं आहेत. शेंगा आपण खात नाही, तोंडात टाकतो. आमटी चाखतो. भजी कशी झालीत ते बघतो. पोरीने ताटात टाकलेली अर्धी पोळी संपवतो, म्हणजे ते खाणं नव्हे, उरकणं. पाहुण्यांना सोबत देतो. प्रसाद घेतो. चिवड्याचा डबा झाकण लावायला म्हणून हातात घेतो. दिवसाकाठी अशी वीस क्रियापदं होतात आणि त्यांत 'खाल्लं' एकदाही येत नाही. वर आमच्या बोलीची कृपा. सोलापुरात "काय करूलालास बे?" विचारलं की उत्तर येतं, "खाऊलालोय," म्हणजे खातोय. या रूपाला सुरुवात आहे, शेवट असल्याचं मला तरी ऐकून माहीत नाही.

ऑफिसात या प्रकाराला किरकोळ खर्च म्हणतात. टेबलाच्या खणात एक छोटी पेटी असते. चहा, रिक्षा, सुतळी, टाचण्या असलं सगळं तिच्यातून जातं. दहा-वीस रुपयांचं व्हाऊचर कोण मागणार? सुताच्या गाठोड्यांचा हिशेब पैशापर्यंत जुळवणारा मी, त्या पेटीपाशी आलो की डोळेझाक करतो. मग मार्चला बेरीज मारायची आणि मालकांचा चेहरा बघायचा. गंमत म्हणजे लहानपणी माझ्या अंगालाही हाच शब्द लावायचे. "पोरगं हुशार हाय, पण किरकोळ हाय." तो किरकोळपणा या किरकोळीत गेला.

तर पेटी उघडली. तळाशी अर्थातच शेंगा.

सोलापुरात शेंगदाण्याला शेंगदाणा म्हणणारा बाहेरून आलेला समजावा. टरफलात असोत की सोललेल्या, आम्हाला त्या शेंगाच. शेंगांची चटणी, शेंगांची पोळी, आमटीत शेंगांचं कूट. चटणी आमच्या घरी अजून आई उखळात कुटते. भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, जिरं, मीठ. यापलीकडे तिच्यात काही नाही. मिक्सरला लावली तर नुसती भुकटी होते. उखळात घाव बसत गेले की शेंगांचं तेल सुटतं, चटणी लालभडक होऊन एकमेकीला धरते, मुठीत दाबली तर लाडू व्हावा. वरून तेल घालायची गरज नाही. अर्थात आम्ही घालतो. दहीही घालतो. असली चटणी बरणीत आहे हे माहीत असताना तिच्यावरून माणसाने नुसतं जायचं कसं?

कारखान्यात टॉवेलाचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम ते, काढायला ग्रॅमचा काटा आहे. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कोणी नाही असं बघून, मी माझी एक 'चिमूट' त्यावर ठेवली. बरणीत हात घालून नेहमीसारख्या काढलेल्या भाजक्या शेंगा. ३४ ग्रॅम. शंभर ग्रॅम शेंगांत साधारण ५६५ कॅलरी असतात, जवळजवळ निम्मं वजन तेलाचंच. म्हणजे माझी चिमूट १९० च्या घरात. सकाळी निघताना एक, ऑफिसात चारला एक, घरी आल्यावर बूट काढता काढता एक, टीव्हीसमोर दोन. पाच चिमटी, साडेनऊशे कॅलरी. माझं दुपारचं जेवण एवढं नसतं. काट्यावर आकडा बघत होतो तेवढ्यात फोल्डिंग खात्यातला आमचा एक जण आत आला. म्हणाला, "काय बे, शेंगांचा टॉवेल काढूलालास काय?" आणि वजन केलेल्या शेंगा उचलून तोंडात टाकल्या. त्या त्याच्या किरकोळीत गेल्या.

शेंगांना बोल लावताना जीभ मात्र अडखळते. मी सातवीत असताना वडील कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली. या गावात त्या काळात ज्यांच्या गिरण्या गेल्या त्यांच्या घरात भाजी आठवड्यातून दोनदा दिसायची. बाकीचे दिवस भाकरी आणि चटणी, भाकरी आणि चटणी. आई चटणी चमच्याने वाढायची आणि डबा फळीवर उंच ठेवायची. शेंगांत प्रथिनं भरपूर असतात हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण आम्ही तिघं भावंडं त्यावर वाढलो. तेव्हा चटणी हेच जेवण होतं. आता जेवणात भाजी आली, डाळ आली, कोशिंबीर आली, पण चटणीला कोणी जा म्हणालं नाही. ती दोन जेवणांच्या मधे जाऊन बसली. फळीही आता माझ्या छातीएवढ्या उंचीवर येते.

आईला हे डाएट प्रकरण मुळीच पटलेलं नाही. ताटात पहिल्यासारखी भाकरी येत नाही म्हटल्यावर ती माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तशी बघते.

आणि ज्वारीने वजन उतरतं हे तिला आता पुण्याच्या भाचीकडूनही कळलंय. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हापासून भाची दर फोनला ज्वारीचे गुण सांगते. मंगळवेढ्याची मालदांडी खात जन्म गेलेल्या बाईला! "मग खा की रे भाकरी, डॉक्टरच सांगतेत," ती मला म्हणते. भाकरीवर माझाही आरोप नाही. भाकरी सज्जन आहे. तिची संगत वाईट.

त्यातही कडक भाकरी. पातळ थापून मंद आचेवर पार वाळवलेली, पापडासारखी, महिनाभर टिकणारी. आमच्याकडे ती कपाटात चळतीने असते. रात्री साडेअकराला पोट भरलेलं असताना मला तिची आठवण होते. याला भूक म्हणत नाहीत हे मलाही कळतं. जठराकडून मेंदूकडे 'पुरे'चा निरोप पोचायला वीसेक मिनिटं लागतात म्हणे, पण इथे निरोप तीन तासांपूर्वीच पोचलेला असतो आणि वाचून बाजूला ठेवलेला असतो. पाय न वाजवता स्वयंपाकघरात जातो. दिवा लावत नाही. बरणीचं झाकण श्वास धरून फिरवतो. सगळं जमतं, पण कडक भाकरी गुपचूप खाता येत नाही. पहिला तुकडा मोडला की त्या शांततेत पत्र्यावर दगड पडल्यासारखा आवाज होतो. मग मी एक युक्ती काढली: तुकडा तोंडात धरून ठेवायचा, मऊ होईपर्यंत थांबायचं, मग चावायचा. अंधारात ओट्याला टेकून, तोंड मिटून, भाकरी भिजायची वाट बघत उभा असलेला सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. एकदा आतून आईचा आवाज आला, "कोण हाय? उंदीर का?"

तोंडात भाकरी. बोलणार कसा? "उं," म्हणालो.

"मग ठीक," म्हणून ती झोपली.

वजन उतरवायला मी हंगामही नेमका निवडला होता. दिवाळी संपली की आमच्याकडे डिसेंबरात हुरडा. मित्राच्या शेतात गोवऱ्यांची आगटी पेटते, कोवळी कणसं तिच्यात जातात, कोणीतरी हात भाजून घेत ती चोळतं आणि गरम हिरवा हुरडा पुढ्यात पडत राहतो. सोबत चटणी, गूळ, दही. मुठी मोजायची सोय त्या जागी नाही, कारण पहिली मूठ संपायच्या आत दुसरी पडते. मग भोगी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. मग संक्रांत, शेंगांच्या पोळ्या. आणि याच दिवसांत सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा. आमच्या गल्लीतला एक मित्र नंदीध्वज पेलायला जातो. त्या उंच, जड काठीचा तोल कमरेवर सांभाळत चालायचं म्हणून आधी कितीतरी दिवस सराव करतो. मी त्याच्या मागे चालतो, माझा सराव होम मैदानावरच्या स्टॉलांचा. मिरवणुकीत सगळे पांढऱ्या बाराबंदीत. बारा बंद बांधायचे, बटण नाही, पट्टा नाही. कमरेला इतकं समजून घेणारा पोशाख मी दुसरा बघितला नाही.

चालायलाही लागलो. संभाजी तलावाकडे, रोज पहाटे, तिघे जण. तासभर चाललो तर माझ्या वजनाच्या माणसाच्या तीनेकशे कॅलरी जात असाव्यात. परतीच्या रस्त्यावर इडलीची गाडी. दोन इडल्या, एक वडा, वर चटणी सांबार पाहिजे तेवढं, शेवटी चहा. म्हणजे जमा तेवढीच नावे. पंधरा दिवसांनी आमच्यातला एक म्हणाला, चालणं रद्द करून सरळ गाडीवर भेटलो तर झोप तरी होईल.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा मार्गही करून बघितला. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत, मधे काही नाही. माझा साडू त्यावर चांगला उतरलाय, जुन्या पँटी शिंप्याकडे देऊन आला. माझं दोनदा जेवायला काही म्हणणं नव्हतं आणि ५५ मिनिटं तर मला लागतही नाहीत. घोडं अडलं ते त्या 'मधे'पाशी.

शेवटी मी माझ्या धंद्यातला उपाय केला. एक छोटी वही घेतली, लाल पुठ्ठ्याची. वर लिहिलं 'किरकोळ'. नियम एकच: तोंडात काहीही गेलं, चाखलं, बघितलं, उरकलं, तर आधी नोंद. वही बरणीशेजारीच ठेवली, पेन दोऱ्याने बांधून. पहिला आठवडा इतका चांगला गेला की काय सांगू. 'दु. ४.१०, शेंगा, ३४ ग्रॅम.' लिहायचा कंटाळा म्हणूनच निम्मं खाणं टळलं. टॉवेलाची शिल्लक साडेएकोणीसवर आली. दूधवाल्याशी पुन्हा दोन हातांनी बोलू लागलो.

मग मार्च आला. आमचं वर्षअखेरीचं काम, रात्री दहा दहा वाजेपर्यंत. घरी येऊन जेवायचं, पडायचं. वहीत नोंदी थांबल्या. खाणंही थांबलं होतं म्हणूनच थांबल्या, असं मी बायकोला सांगितलं. तिने काही न बोलता वही आणली, ट्यूबलाइटखाली तिरकी धरली आणि एकेक पान उलटत गेली. १२ तारीख, कोरी. १३, कोरी. १४, कोरी. कोऱ्या पानांवर उजव्या कोपऱ्यात, पान बाजूला सारायला बोट लागतं त्या जागी, तेलकट लाल ठसे. काही चिमटीचे, एक तर अख्ख्या अंगठ्याचा, रेषा मोजता याव्यात इतका स्पष्ट.

"नोंद नाही कशी म्हणता, अहो," ती म्हणाली, "अंगठा उठवलाय की."