चरईतला पोटमाळा

जुन्या व्हिडिओ कॅसेट शोधायला रविवारी सकाळी डोंबिवलीहून स्लो लोकल पकडली. पाठीवर रिकामी सॅक, खिशात टॉर्च. ठाण्याला उतरून, तलावपाळीला अर्धा वळसा घालून चरईत पोचलो, तर मित्राचे काका दारातच उभे. "आधी चहा घे, मग धूळ खा."

काकांची व्हिडिओ लायब्ररी होती. १९८२ च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, मागोमाग कॅसेट लावायचं मशीन, व्हीसीआर. तो विकत घेणं कुठलं परवडायला! लोक रात्रीपुरता भाड्याने न्यायचे आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून पहाटेपर्यंत जागायचे. दुकान बंद झालं, माल पोटमाळ्यावर गेला.

शिडीवरून डोकं वर काढलं आणि बुरशीचा वास आला. कॅसेट हातात आली की मी नाव नंतर वाचतो, आधी तिच्या खिडकीतून टॉर्च मारतो. गुंडाळलेल्या टेपच्या कडेला पांढरा भुरा दिसला की ती बाजूला. तशीच लावली तर बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही. जपानच्या फुनाईने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यामुळे मी माझ्या मशीनला फार जपतो. मग पाठच्या कडेवरची प्लॅस्टिकची टिकली बघायची. ती मोडलेली असली तर बरं, मग मशीन त्या कॅसेटवर रेकॉर्ड करत नाही आणि वरून दुसरं काही रेकॉर्ड झालं नसण्याची आशा असते.

"किती येतील रे? अमेरिकेत एका कॅसेटला पंच्याहत्तर हजार डॉलर मिळाले म्हणे."

मिळाले होते खरे, २०२२ च्या लिलावात. "काका, ती सीलबंद होती. तुमच्या अख्ख्या चरईने पाहिल्यात."

ते हसले, पण जरा हिरमुसलेच. हाताने नावं लिहिलेल्या पिक्चरच्या कॉप्यांना भंगारवाल्यापलीकडे गिऱ्हाईक नाही, हे मी तरी कसं सांगणार?

तळाशी मात्र कॉपी काढायला दिलेल्या आणि कोणी परत न नेलेल्या लग्नाच्या सात कॅसेट निघाल्या. पाचांना भुरा. एकीची टेप चुरगळलेली. सातवी स्वच्छ, टिकली मोडलेली, वर निळ्या शाईत 'हळद, सीमांतपूजन. पुढचं टेप २ मध्ये.'

टेप २ शोधण्यात दुपारचे दोन वाजले. काकांना एवढंच आठवलं, की मुलीचे वडील वर्तकनगरहून दोनदा येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा मशीन बिघडलेलं होतं.

"तिसऱ्यांदा आले नाहीत," काका म्हणाले आणि पुन्हा शिडी चढू लागले.