आजीचं जाळीचं कपाट आणि एक लिटर मोरपंखी

साताऱ्याचं घर विकायचं ठरलं तेव्हा तांब्याचा बंब आत्याने उचलला, पाटा-वरवंटा काकूने नेला (वापरणार नाहीये, बाल्कनीत ठेवून त्यावर कुंडी ठेवणार आहे, असो), आणि दुभत्याच्या कपाटाला मात्र कोणी हात लावेना. जाळी फाटलेली, कडी तुटलेली, दोन पाय खालून कुजलेले. शेवटी मीच म्हणलं द्या मला, आणि ते दोन गाद्यांच्या मधे आडवं पडून टेम्पोतून पुण्याला आलं. गेटवर वॉचमनकाका म्हणाले, "ताई, भंगारवाला दुपारी येतो."

पाय का कुजले ते मला चांगलं माहितीये, कारण त्यात माझाही हात आहे. मुंग्या चढू नयेत म्हणून त्या कपाटाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असायचे, जर्मनच्या चार वाट्या, आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्या भरायचं काम माझ्याकडे. एका वाटीतलं पाणी जरी आटलं तरी सकाळी सायीवर काळी रांग, आणि मग आजीची बोलणी दिवसभर. पुढे घरात फ्रीज आला तरी साय कपाटातच, कारण फ्रीजमधल्या सायीला म्हणे वास येतो.

रंगवणार आहे असं फोनवर सांगितलं तर बाबा एकदम चढ्या आवाजात, "अगं सागवान आहे ते! सागवानाला कोणी रंग लावतं का? पॉलिश कर हवं तर." आपल्याकडे सागवान म्हणजे घरातला वडीलधारा माणूसच असतो, त्याच्यासमोर मोठ्याने बोलायचीही चोरी. मी म्हणलं बाबा, सावंतवाडीचे पाट आणि चौरंग आठवा, चितार आळीतून आपणच आणलेत ना, त्याच्यावर रंग आणि वेलबुट्टी सोडून लाकूड दिसतं का कुठे? "ते शोभेचं, हे वापरातलं," असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला. बाबांनी फोन आईकडे दिला की समजायचं मुद्दे संपले.

मावसबहिणीने सांगितलं चॉक पेंट घे, घासायची सुद्धा गरज नाही. कुणी ॲनी स्लोन म्हणून ब्रिटिश बाई आहेत, त्यांनी १९९० मध्ये हा प्रकार काढला, नुसता फासायचा आणि वर मेण चोळायचं. छोट्या डब्याची किंमत बघून मी आधी ग्लासभर पाणी प्यायले आणि मग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून साधा ऑइल पेंट आणला, शेड कार्डावर बोट ठेवून, मोरपंखी, एक लिटर.

आणि घासण्यातच तर सगळी मजा होती हो. आधी धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी आणि काथ्या घेऊन ते धुतलं, कारण तुपकट लाकडावर रंग धरत नाही, आणि सागवान तर जातीचंच तेलकट, म्हणून तर वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. बादलीत जे काळं पाणी निघालं त्याला चक्क कढवलेल्या लोण्याचा वास होता, किंवा मला तरी तसं वाटलं. मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर घेऊन बसले तर वरचा चॉकलेटी गेला आणि खालून निघाला हिरवा. हिरव्याखाली फिक्कट गुलाबी. इथे जरा घाबरले, कारण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, आपल्याकडे रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा लागू झाली तीच मुळी २०१७ च्या नोव्हेंबरात. म्हणून कोरडं घासणं बंद, धूळ उडू नये म्हणून पाणी मारून वॉटर पेपरने घासलं, करोनाचे उरलेले चांगले मास्क बाहेर काढले, आणि पोराला बाल्कनीबंदी.

त्या तीन थरांचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. दोन तास बाबा गप्प. मग मेसेज आला, "हिरवा मी लावला होता. खिडक्यांचा उरला होता."

बरं, गुलाबी? तर तो म्हणे काकाच्या लग्नाच्या वेळचा. म्हणजे घरात जो डबा उरेल तो कपाटाला, आणि सागवानाचा मान आठवला तो मी ब्रश हातात घेतल्यावर.

पायांसाठी सुतार बोलावले. त्यांनी कुजलेला भाग कापून खाली ठोकळे बसवले, मग कपाट उलटं करून नखाने एक फळी खरवडली, वास घेतला आणि म्हणाले, "ताई, चौकट आहे सागवानी. फळ्या आंब्याच्या आहेत."

रंगवताना मी एक मोठा घोळ घातला. नवी जाळी आधी ठोकली आणि मग दारं रंगवायला घेतली, म्हणजे आधी कळस मग पाया. ब्रश जाळीवरून फिरला की भोकं बुजायची, मग एक अख्खी संध्याकाळ दाभण घेऊन एकेक भोक मोकळं करत बसले, नवरा म्हणाला कशिदा छान चाललाय. त्यात जुलै महिना. डब्यावर लिहिलंय आठ ते दहा तासांत वाळतो, इथे तिसऱ्या दिवशीही बोट लावलं की ठसा. वरच्या फळीच्या उजव्या कोपऱ्यात एक चिलट कायमचं मुक्कामाला आहे, रंगाच्या दुसऱ्या हातानेही ते झाकलं गेलं नाही, नुसतं मोरपंखी झालं.

आता कपाट हॉलमध्ये असतं. नवऱ्याने हौसेने त्यात वायफायचा राउटर ठेवला, वायरी दिसत नाहीत म्हणून, तर बेडरूममधली रेंजच गेली, धातूची जाळी ना ती, मुंग्या अडवायची सवय अजून गेलेली नाहीये. तर राउटर बाहेर आला आणि आत लोणच्याच्या बरण्या गेल्या.

गेल्या महिन्यात आईबाबा आले. बाबांनी लांबून बघितलं, जवळ जाऊन दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. रंगाबद्दल अक्षर नाही. मग मधल्या फळीवर बोटांनी टकटक वाजवून बघितली आणि म्हणाले, "बघ, किती वर्षं झाली तरी फळी जराशी वाकली नाही. सागवान ते सागवान."

मी म्हणलं, हो ना, आणि चहा टाकायला आत गेले.