आमची वाटचाल: टोनर भरण्यापासून लॉग वाचण्यापर्यंत

सांगलीत विश्रामबागला आमचं ऑफिस आहे. पाटीवर आजही ‘संगणक विक्री व दुरुस्ती’ एवढंच लिहिलंय. आत मात्र आमची चार-पाच पोरं-पोरी दिवसभर सरकारी कार्यालयांच्या लॉग फायली, म्हणजे संगणकावर कोण कधी आलं आणि काय केलं याच्या नोंदी, वाचत असतात. पाटी मुद्दामच बदललेली नाही. ‘सायबर सुरक्षा’ लिहिलं की बायकोच्या मोबाईलमध्ये काय चाललंय ते बघून द्या, अशी कामं घेऊन लोक येतात.

सरकारी कामात आम्ही शिरलो ते वार्षिक देखभाल कराराच्या, म्हणजे एएमसीच्या दारातून. प्रिंटर अडकला, टोनर संपला, पेन ड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले, असली कामं. तो पेन ड्राइव्ह आवक-जावकच्या टेबलावरून साहेबांच्या केबिनमध्ये, तिथून झेरॉक्सच्या दुकानात आणि परत, असा फिरायचा. मराठी टायपिंगसाठी कुणीतरी आणलेलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअरही त्याच्यातूनच सगळ्या टेबलांवर पोचायचं. ते चालावं म्हणून अँटिव्हायरस बंद ठेवलेला असायचा. सरकारी संगणकाला धोका कुठून असतो हे आम्ही तिथंच शिकलो.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आलं. १२ मे, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार, म्हणजे कार्यालयं बंद आणि मशिनंही बंद. सोमवारी सकाळी शिपाई येऊन स्विच चालू करण्याआधी दोन दिवस हातात मिळाले. वॉनाक्राय पसरायचं ते विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या जुन्या एसएमबी-१ या मार्गानं. कुणी कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती. एका मशिनला लागण झाली की त्याच नेटवर्कवरच्या बाकीच्यांनाही आपोआप व्हायची. दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती आणि विंडोज एक्सपीचा पाठिंबा २०१४ मध्ये संपलेला असूनही त्याच्यासाठी तातडीनं वेगळी दिली. आम्ही चावीवाल्या शिपायांना घरून बोलावून कार्यालयं उघडली आणि केबल काढून एकेक मशिन दुरुस्त केलं. त्याचं बिल कुठल्या हेडखाली काढायचं, हे मात्र कुणाला ठरवता येईना. शेवटी ‘प्रिंटर देखभाल’मध्ये निघालं.

मग २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. एका कार्यालयात सर्व्हर तळमजल्यावर होता आणि त्याचा बॅकअप घेतलेली डिस्क त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात. कागदोपत्री बॅकअप नियमित होता, रजिस्टरवर सह्याही होत्या. पाणी ओसरल्यावर दोन्ही एकदमच चिखलातून बाहेर काढले. तेव्हापासून आमच्या प्रत्येक करारात तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, असं कलम असतं. तिसरी प्रत कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून, त्याच खात्याच्या जतच्या कार्यालयात ठेवतो. दुष्काळी तालुका डेटाला मानवतो. ही प्रत कुठल्याच नेटवर्कला जोडलेली नसते, त्यामुळे ती पुराच्या जशी हाताला लागत नाही तशीच रॅन्समवेअरच्याही लागत नाही. हे पटवायला आम्हाला वर्षं लागली असती, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर एन्क्रिप्ट झाले, रुग्णालय हातानं केसपेपर लिहायला लागलं आणि आमचे फोन वाजायला लागले. पुढे सरकारनं संसदेत सांगितलं की पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा अडकला आणि नेटवर्कची विभागणी नीट नव्हती. हे शेवटचं आम्हाला परिचयाचं होतं. आमच्याकडेही लेखा शाखा, अभ्यागतांचं वायफाय आणि सीसीटीव्ही एकाच स्विचवर असलेली कार्यालयं होती.

त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे निर्देश निघाले होते. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे, सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवायची. घड्याळाचं कलम वाचून लोक हसले. प्रत्यक्षात आमचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. जुन्या मशिनांच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, त्यामुळे रोज सकाळी ते मशिन भलत्याच सालात उघडतं. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, म्हणून ऑपरेटर हातानं तारीख टाकतो आणि वेळ टाकतो मनाला येईल ती. अशा दहा मशिनांचे लॉग एकत्र केले तर कोण आधी आत आलं आणि काय नंतर घडलं, याचा पत्ताच लागत नाही. नाण्याएवढे सेल पिशवीत घेऊन आमची पोरं तालुका तालुका फिरली. सर्ट-इनच्या यादीतले ऑडिटर आम्ही नव्हे. ऑडिट ते करतात आणि त्यांच्या अहवालातल्या त्रुटी निस्तरतो आम्ही.

एवढे लॉग जमल्यावर ते वाचायचे कुणी? इथं कृत्रिम बुद्धिमत्ता आली. महागडी परदेशी यंत्रणा आम्हाला परवडणारी नव्हती. लॉग गोळा करून तपासणारं वाझू हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यावर आयसोलेशन फॉरेस्ट नावाचं मॉडेल बसवलं. त्याची युक्ती सोपी आहे. सगळ्या नोंदींचे वाटेल तसे तुकडे पाडत जायचं. जी नोंद दोन-चार कापांतच एकटी पडते ती वेगळी, जी गर्दीत अडकून राहते ती नेहमीची. हल्ला कसा असतो हे त्याला शिकवावं लागत नाही. नेहमीचा दिवस कसा असतो एवढं दाखवायचं.

पण सरकारी कार्यालयाचा नेहमीचा दिवस म्हणजे कुठला? मॉडेलला आम्ही शिकवलं पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतच्या नोंदींवर. ३१ मार्चच्या रात्री त्यानं इशाऱ्यांचा पाऊस पाडला. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीनं एका लेखा शाखेत फोन लावला, “साहेब, रात्री अडीचला तुमच्याकडून कोण लॉगिन झालंय?” तिकडून उत्तर, “आमीच की ओ! मार्चएण्ड न्हाय का?” मार्चएण्ड, आचारसंहिता, मतमोजणी, १ जूनपासून चोवीस तास चालणारा पूरनियंत्रण कक्ष, दाखल्यांसाठी झुंबड उडणारा जून महिना, हे सगळं पुढं आम्ही मॉडेलला माहिती म्हणून दिलं. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची यंत्रणा आमच्यापेक्षा भारी असते, पण हे पंचांग तिच्यात नसतं. नुसते इशारे गप्प करूनही भागत नाही, कारण गडबडीची रात्र चोरालाही कळते. म्हणून अशा रात्री आमचं एक माणूस स्क्रीनसमोर बसतंच. तासगावच्या बेदाणा शेडमध्ये कलर सॉर्टर आले तरी शेवटची निवड बायकाच हातानं करतात, तसलंच हे काम.

मॉडेलनं सगळ्यात उपयोगी गोष्ट पकडली ती हल्ला नव्हतीच. एका अधिकाऱ्याच्या नावानं भराभर डिजिटल सह्या होत होत्या आणि रजेच्या नोंदीनुसार साहेब रजेवर. सहीचं डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची किल्ली, ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पिन मॉनिटरवर चिकटवलेला. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पोरांचे प्रवेश अडतील म्हणून ती ऑपरेटर ताई दाखले काढून देत होती. नुसतं ‘डोंगल देऊ नका’ असं परिपत्रक काढून हे थांबत नाही. लोक दारात उभे असतातच. साहेब नसताना सही करायला दुसऱ्या अधिकृत अधिकाऱ्याला त्याचं स्वतःचं डोंगल मिळालं, तेव्हा कुठं ते थांबलं.

उलट्या बाजूनंही कृत्रिम बुद्धिमत्ता येतेच आहे. पूर्वी फसवा मेल त्याच्या मोडक्या मराठीवरून ओळखा, असं आम्ही प्रशिक्षणात सांगायचो. आता तो मेल ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ने सुरू होतो, जावक क्रमांक टाकतो आणि ‘तात्काळ कार्यवाही करून अनुपालन अहवाल सादर करावा’ असं बजावतो. काही कारकुनांपेक्षा त्याचा मसुदा चांगला असतो. त्यामुळे भाषेवरचा धडा आम्ही काढून टाकला. आता शिकवतो ते एवढंच: पत्ता gov.in किंवा nic.in वर संपत नसला तर थांबा, मेलमधल्या नंबरवर नव्हे तर कार्यालयाच्या माहितीच्या नंबरवर फोन करा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा दंडाची पावती म्हणून एपीके, म्हणजे मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी, फाइल आली तर भाऊसाहेब, हात लावू नका. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन.

दुसरी डोकेदुखी म्हणजे चॅटजीपीटी. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं जानेवारी २०२५ मध्ये असली साधनं कार्यालयीन संगणकावर वापरू नका असं आपल्या कर्मचाऱ्यांना कळवलं. आमच्याकडे अर्जदाराच्या आधार क्रमांकासकट अख्खा तक्रार अर्ज त्यात चिकटवून ‘उत्तर तयार कर’ म्हणणारे होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे, हे सांगितलं की माणसं दचकतात, आणि संध्याकाळी पुन्हा तेच करतात, कारण टेबलावर टपालाचा ढीग असतो. म्हणून एका ठिकाणी कार्यालयातल्याच मशिनवर चॅटजीपीटीसारखं छोटं मुक्त मॉडेल बसवून बघतोय. सारांश बरा करतं. शासन निर्णयाचे क्रमांक आणि तारखा मात्र बिनदिक्कत मनानं ठोकून देतं, त्यामुळे शासनाच्या संकेतस्थळावर तो निर्णय उघडून पाहिल्याशिवाय मसुद्यात घालायचा नाही, असा नियम आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलमुळे टेंडर दिसायला लागली आणि लघुउद्योग म्हणून अनामत रक्कम माफ होते, हे चांगलं. २००६ च्या कायद्यानं लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायला हवं. नाही दिलं तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण ज्यांच्याकडे उद्या सकाळी पुन्हा जायचंय त्यांच्याविरुद्ध तक्रार कोण टाकणार? वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं पुण्याला जातात, अडवून अडत नाहीत. आम्ही पॉलिटेक्निकची, कवठेमहांकाळ-जतकडची मुलं घेतो. घर जवळ आहे म्हणून ती टिकतात.

सध्या जोर आहे तो निर्लेखनावर, म्हणजे जुनं सामान सरकारी नोंदीतून कमी करण्यावर. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेल्या जुन्या मशिनांवर विंडोज ११ बसत नाही. ती जडवस्तू नोंदवहीतून उतरवून लिलावात काढायची असतात, हार्डडिस्कसकट. आत लोकांचे दाखले, पगारपत्रकं, बँकेचे खाते क्रमांक. डिस्क काढून घ्या म्हटलं तर यंत्र अपूर्ण दिसतं, भाव पडतो, असा लेखा शाखेचा आक्षेप आला. मग डिस्क पुसल्याचा दाखला आम्ही तयार केला, अनुक्रमांकासह, दोन सह्यांचा, आणि तो निर्लेखनाच्या प्रस्तावाला जोडायला दोन तालुक्यांनी मान्यता दिली. चालू डिस्क पुसून देतो. बंद पडलेली पुसता येत नाही, तिला भोकं पाडावी लागतात. ड्रिल मशिन आधी कुपवाडच्या वर्कशॉपमधून मागून आणायचो, आता विकतच घेतलंय.