मृगाची तोडणी झाल्यावर : न्यूझीलंडच्या मोटरहोम प्रवासाची आखणी

वरूड तालुक्यात संत्र्याची बाग असलेल्या माणसाने सुट्टी कधी घ्यायची हे बागच ठरवते. आम्ही मृग बहार, म्हणजे मृगाच्या पावसावर फुटणारा बहार, घेतो. त्याची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटतात, व्यापाऱ्याचा हिशेब मिटतो आणि त्यानंतर मृगाचा पाऊस येईपर्यंत झाडांना पाण्याचा ताण द्यायचा असतो. ज्या दिवसांत बागेला पाणी द्यायचेच नसते, त्याच दिवसांत निर्धास्तपणे बाहेर पडता येते. त्यामुळे एप्रिल महिना आपोआप ठरला. तेव्हा न्यूझीलंडमध्ये शरद ऋतू असतो आणि उन्हाळ्यातली पर्यटकांची गर्दी ओसरलेली असते.

हॉटेलांऐवजी मोटरहोम, म्हणजे आतच राहण्याची सोय असलेले वाहन, घ्यायचे ठरले ते आईमुळे. तिला बाहेरचे जेवण दोन दिवसांपलीकडे सोसत नाही आणि रोज नव्या खोलीत सामान लावणे तिला जमत नाही. मोटारीमागे जोडून ओढण्याच्या कॅराव्हॅनचाही आम्ही विचार केला. परंतु ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेण्याची माझी सवय कितीही पक्की असली, तरी अनोळखी घाटात, मागे आई बसलेली असताना, तसले धाडस मला योग्य वाटले नाही. इंजिन आणि घर एकाच चौकटीवर असलेले वाहन त्या मानाने सरळ असते. शिवाय तिथे आपल्यासारखेच डाव्या बाजूने वाहन चालवतात.

आईला हे घर केवढे असते ते कळावे म्हणून मी अंगणात फक्कीने त्याचा आराखडा आखला. सुमारे सात मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद चौकट, तिच्यात ओटा, बाके, संडास आणि मागच्या बाजूचा पलंग. आई चौकटीत शिरली, ओट्याच्या जागी उभी राहिली, हात लांबवून मागे किती जागा उरते ते तिने पाहिले आणि विचारले, "थ्या गाडीत भाकर थापता येईन काय रे?" शेगडी गॅस सिलिंडरवर चालते, तेव्हा भाकर होते, मात्र भाजताना वरची झडप आणि खिडकी उघडी ठेवावी लागते, हे मी तिला सांगितले. या आराखड्याने एक मोठी चूकही टळली. चारजणांच्या बहुतेक मोटरहोममध्ये दोघांची निजण्याची जागा चालकाच्या डोक्यावर असते आणि तिथे शिडीने चढावे लागते. वर आम्ही दोघे निजायचे आणि मागचा पलंग आईचा, तो दिवसाही मोडायचा नाही, हे तिथेच ठरले.

पाण्याचा हिशेब मात्र शेतकऱ्याला परका नाही. तिथे मोकळ्या जागी मुक्काम करायचा असेल, तर वाहनाकडे स्वयंपूर्णतेचे प्रमाणपत्र लागते. 2023 च्या कायद्याने त्यासाठी वाहनात पक्का बसवलेला संडास सक्तीचा केला आहे. उचलून ठेवायचा चालत नाही. माणशी दररोज किमान 4 लिटर याप्रमाणे तीन दिवस पुरेल इतके पाणी आणि तितक्याच दिवसांचा सांडपाण्याचा साठा त्यात मावला पाहिजे. आमच्या ठिबकचा एक ड्रिपर तासाभरात 4 लिटर पाणी देतो. माझ्या झाडाच्या बुंध्याशी तासभर टपकणाऱ्या पाण्यात एका माणसाचा दिवस भागवायचा, हे मनात आल्यावर मी घरच्यांची आंघोळ आणि भांडी यांचा विचार नव्याने केला. शेवटी दर तिसरी रात्र वीजजोडणी असलेल्या कॅम्पिंगच्या जागेवर काढायची असे ठरवले. तिथे टाकी भरता येते, सांडपाणी आणि संडासाची टाकी नेमून दिलेल्या जागी रिकामी करता येते. वाहनातले दिवे आणि पाण्याचा पंप बॅटरीवर चालतात, पण भिंतीतले सॉकेट बहुधा बाहेरची वीज जोडल्याशिवाय चालत नाहीत. म्हणून मिक्सर लागणारे पदार्थही त्याच रात्री होतील.

माझी पहिली आखणी फसली होती. दोन्ही बेटे चौदा दिवसांत पाहायची, उत्तर बेटावरच्या वेलिंग्टनहून दक्षिण बेटावरच्या पिक्टनला साडेतीन तासांच्या फेरीबोटीने जायचे, असे मी कागदावर मांडले होते. मग लक्षात आले, की एप्रिलच्या मध्याला तिथे संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, 3,500 किलोहून जड वाहनाला ताशी 90 किलोमीटरची मर्यादा आहे आणि कितीतरी पूल एकपदरी आहेत, जिथे आपल्या दिशेचा बाण लहान व लाल असेल तर थांबून समोरच्याला वाट द्यायची असते. नकाशावरचे दोनशे किलोमीटर म्हणजे नागपूरच्या चौपदरी रस्त्यावरचे दोनशे किलोमीटर नव्हेत. तेव्हा फक्त दक्षिण बेट ठेवले. ख्राइस्टचर्चला उतरल्यावर पहिली रात्र हॉटेलात झोपायचे, कारण इतक्या लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच स्टिअरिंग हाती घेणे चूक आहे. मग टेकापो, तिथून 3,724 मीटर उंचीचे आओराकी (माउंट कुक) शिखर, पुढे क्रॉमवेल, क्वीन्सटाउन आणि टे आनाऊ. टे आनाऊहून मिलफर्ड साउंड या खाडीला मी स्वतः वाहन चालवणार नाही, बसने जाऊ. क्रॉमवेलचा थांबा मी हट्टाने ठेवला आहे. तो फळबागांचा मुलूख आहे आणि दुसऱ्याच्या बागेची छाटणी पाहिल्याशिवाय माझा प्रवास पुरा होत नाही.

आमच्या बागेमुळेच आखणीत सर्वांत जास्त वेळ गेला तो जोड्यांवर. न्यूझीलंडमध्ये उतरताना प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो, लपवलेले सापडल्यास जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड होतो, आणि शेतात वापरलेले जोडे असतील तर तेही सांगावे लागतात. आमच्याकडे काहींना हा जाच वाटला. मला तो अजिबात वाटत नाही. आमच्या संत्र्याला डिंक्या होतो तो फायटोफ्थोरा या बुरशीसदृश जीवामुळे. तो मातीत राहतो आणि पाण्याबरोबर, अवजारांबरोबर, पायांबरोबर एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. बुंध्याची साल फुटून डिंक ओघळू लागला की ते झाड हातचे गेले म्हणून काळजाचे पाणी होते. त्याच कुळातला दुसरा फायटोफ्थोरा न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचे प्रचंड काउरी वृक्ष मारतो आहे, आणि तोही माणसांच्या जोड्यांच्या मातीतून पसरतो. ज्याने स्वतःच्या बागेत बुंध्यांना मोरचूद-चुन्याचे बोर्डो मलम लावत उन्हाळे काढले, त्याला त्या देशाची भीती समजावून सांगावी लागत नाही. म्हणून तिघांनीही नवे जोडे घेतले आहेत आणि ते विमानतळापर्यंत खोक्यातच राहतील. बी-बियाणे, मध आणि घरचे तूप न्यायचे नाही. न्यायचे मसाले कारखान्यात बंद झालेल्या पाकिटांतलेच. आईला तूप सोडणे जड गेले, पण आपल्याकडे गुराढोरांना लाळ्या-खुरकूत होतो, दुधाच्या पदार्थांतून तो पसरू शकतो आणि तिथे तो कधी आलेला नाही, हे सांगितल्यावर तिने बरणी स्वतःच फडताळात परत ठेवली.

कागदपत्रांचे काम उरले आहे. माझा वाहन परवाना इंग्रजीत असल्याने तिथे तो चालतो, तरीही आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून घेणार आहे. शेतीचे उत्पन्न दाखवायला सातबारा आणि बँकेचे उतारे लागतील; सातबारा मराठीत, म्हणून त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करायला दिले आहे. ते पुढच्या आठवड्यात हाती येईल. मग व्हिसाचा अर्ज, व्हिसा आल्यावर मोटरहोमचे आरक्षण आणि सर्वांत शेवटी विमानाची तिकिटे, हा क्रम मी मोडणार नाही.